जास्वंदीवरची भुरी

"माझ्या नजरेतून सुटेल अशी चूक अजून छापून व्हायची आहे!" असं प्रुफकाका म्हणत, आणि छापखान्यात सदतीस वर्षं प्रुफं तपासलेल्या माणसाला ते शोभायचंही. निवृत्तीनंतर चुकांचा रतीब बंद पडला, तेव्हा त्यांनी वनस्पतिरोगांच्या प्राथमिक अभ्यासवर्गात नाव घातलं. दर शनिवारी, पहिला बाक, नवी वही. खरं कारण मात्र वेगळं होतं. अंगणातली जास्वंद काकूंनी लावलेली होती. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि आता ती जास्वंदही जावी हे काकांना सोसलं नसतं.

रोज सकाळी आंघोळ उरकून, मानेला-पाठीला पावडर थापून, बनियनचा गळा फडफडवत ते जास्वंदीपाशी उभे राहत आणि काकूंना घरची खबरबात सांगत. डॉक्टर काय म्हणाले, सुनेने भाजीत मीठ किती घातलं, सगळं. घरात हे सर्वांना ठाऊक होतं आणि कोणी हसत नसे.

तिसऱ्या शनिवारी वर्गातल्या बाईंनी भुरी शिकवली. ही एक बुरशी. पानांवर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर येतो. काका घरी आले, त्यांनी जास्वंदीचं पान डोळ्यांपाशी धरलं आणि मटकन पायरीवर बसले.

"सूनबाई! भुरी!"

"धूळ असेल हो बाबा. पुसून टाकते."

"पुसून? उद्या गोवरही पुसशील!"

त्यांनी सात रोगट फांद्या छाटल्या, जाळल्या, कात्री उकळत्या पाण्यात बुडवली. प्रत्येक फांदीची मनातल्या मनात माफी मागितली. दोन दिवसांनी उरलेली पानंही पांढरी!

आता बाईंचा नियम असा होता की नुसत्या संशयावर रोग ठरवायचा नाही. रोगट पानावरचं निरोगी रोपावर न्यायचं. तिथेही तोच रोग दिसला तर खात्री. काकांनी ती पांढरी भुकटी बोटावर घेतली आणि सुनेच्या कुंडीतल्या मिरचीला चोळली. सकाळी चष्मा लावून पाहिलं. मिरची पांढरी.

"सिद्ध झालं," काका गंभीर आवाजात म्हणाले.

"अहो बाबा, काल तुम्हीच चोळलंत ना ते?"

"त्यालाच लागण म्हणतात!"

पुढच्या शनिवारचा धडा विलगीकरणाचा होता. माणसाच्या हातांनी, कपड्यांनीही रोग पसरतो. काकांनी जास्वंदीभोवती दोरी बांधली आणि आठ दिवस तिच्याकडे फिरकले नाहीत. पाणी सूनबाई घालत होती, नळीने, वरून. काका खिडकीत बसून राहायचे. घरची खबरबात पोटात साठून त्यांना जेवण जाईना.

नवव्या दिवशी पानं हिरवीगार! काकांचा आनंद गगनात मावेना. लगोलग आंघोळ केली, खुशीत दुप्पट पावडर थापली, दोरी ओलांडली. "वाचलीस गं!" ते म्हणाले आणि आठ दिवसांचं सगळं सांगत तासभर तिथेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी पानं पूर्वीपेक्षा पांढरी होती.

वहीत शेवटचा उपाय लिहिलेला होता: काहीच लागू पडलं नाही, तर झाड मुळासकट उपटून नष्ट करावं. काकांनी कुदळ आणली. खोडापाशी टेकवली. उचलेना. नियम म्हणजे नियम, हे त्यांनी आयुष्यभर इतरांना ऐकवलं होतं.

"थोडं थांबा, बाबा," सूनबाई म्हणाली आणि तिने बाईंना फोन लावला.

बाई तासाभरात आल्या. खिशातून भिंग काढून त्यांनी पान न्याहाळलं. मग चोळून पाहिलं. मग नाकाशी नेलं.

"काका, जास्वंदीच्या पानाला वास असतो का?"

"नसतो."

"मग हे गुलाबासारखं काय घमघमतंय?" बाईंनी काकांकडे पाहिलं, आणि नजर त्यांच्या मानेवर थांबली. तिथे कानापर्यंत पांढरा थर होता. "हा रोग इतर कुठल्या झाडावर आहे का?"

"मिरचीवर, पण तिथे मीच चोळला होता. बाकी फक्त हिच्यावर."

"कारण तुम्ही फक्त हिच्याजवळ उभे राहता."

मग काकांनी हळूच बनियनचा गळा एकदा फडफडवला. उन्हात बारीक पांढरं धुकं उडालं आणि अलगद पानांवर बसलं. सदतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या माणसाने कुदळ खाली ठेवली आणि डोळे पुसले.

"मग आता काय बंद करायचं, बाबा?" सूनबाईने मायेने विचारलं. "पावडर की गप्पा?"

"पावडर," काका म्हणाले. या उत्तरासाठी त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी ते पावडर न लावता जास्वंदीपाशी गेले. छाटलेल्या सात खुंटांवरून बोट फिरवलं.

"तुझंच खरं होतं," ते म्हणाले. "एकतीस वर्षं सांगत होतीस, इतकी थापू नका, घरभर सांडते म्हणून. पटलं आता."

एवढं बोलून ते घराकडे वळले आणि त्यांनी घामोळ्यांनी चुरचुरणारी पाठ दाराच्या चौकटीवर घासली.