मुबीनाचा पहिला वर्ख

"नगर जिल्ह्यात दोघांच्याच नजरेतून काही सुटत नाही," गुप्तहेर कानिफनाथ म्हणाले. "घार आणि मी. पैकी घारीला पुरावे गोळा करता येत नाहीत."

वैजनाथने मान डोलावली. सहायक म्हणून त्याला स्कूटर चालवणं आणि मान डोलावणं एवढंच काम होतं.

दोघं सावेडीहून जुबेरचाचांकडे 'कानिफनाथ शोधसंस्था' अशी पाटी रंगवून घ्यायला आले होते. पाट्यांवर चाचांचं पोट चाले. जीव मात्र हस्तलिखित कुराणात. आज त्यांची नात मुबीना त्यातल्या पानावर पहिल्यांदाच सोन्याचा वर्ख बसवणार होती. आजवर तिने नुसते बोरू तासले होते. चाचांनी पंखा बंद केला, वर्ख उलगडला, "श्वाससुद्धा जपून घ्या" म्हणाले आणि डिंक घ्यायला वळले.

तेवढ्यात कानिफनाथांनी वर्खावर अगदी वाकून, भिंग धरून मुबीनाला स्वतःची ओळख करून दिली. घारीचं वाक्य त्यातलंच.

चाचा परत वळले तर वर्ख गायब.

"कुणी हलायचं नाही!" भिंगाची मूठ तोंडासमोर धरून कानिफनाथ कडाडले. खिडकीशी शेजारच्या भागूबाईंची शेळी उभी होती. तिचं तोंड उघडायचं काम वैजनाथकडे आलं. आत सुबाभळीचा पाला निघाला. मग संशय आंतरराष्ट्रीय टोळीवर गेला. टोळी खिडकीच्या गजांतून शिरेना, म्हणून सुटली. शेवटी भिंग मुबीनाच्या बोटांवर थांबलं.

"बोटं सोनेरी!"

"सकाळपासून रद्दीवर सराव केलाय मी," मुबीना म्हणाली.

"सराव! म्हणजे पूर्वतयारी."

वर्खाचं पुडकं चाचांनी हळूच स्वतःकडे ओढलं. मुबीनाने ते पाहिलं. वैजनाथनेही पाहिलं, आणि नोकरीत पहिल्यांदाच त्याची मान डोलली नाही.

चाची चहा घेऊन आल्या. कप घ्यायला कानिफनाथांनी तोंडासमोरची मूठ खाली घेतली.

"या अल्ला! साहेब, मिशी कधी सोन्यानं मढवली हो?"

कानिफनाथांनी मिशी चाचपली.

"मुद्देमाल हस्तगत," ते शांतपणे म्हणाले. "प्रकरण मिटलं."

चाचांनी पुडकं मुबीनापुढे सरकवलं. त्यांना तिच्याकडे बघवेना. "चुकलो, बेटा. नवा काढ. मिशीवरचं सोनं कुराणाला नाही चालत. ते साहेबांच्या 'संस्थे'वरच्या टिंबाला पुरेल."

मग त्यांनी साहेबांना बाहेर बसवलं.

मुबीनाने वर्ख उचलला. कुणी श्वास घेतला नाही. कुराणातल्या आयतीच्या शेवटचं फूल लखलखलं.

खिडकीतून आवाज आला. कानिफनाथ शेळीला घारीचं सांगत होते. शेळी मान डोलावत होती.