कंतारोनची चुलत भावंडं

"जावईबापू, गल्लीतल्या सगळ्या बरण्या लाल झाल्या, आपलीच कशी हो अजून कोरी?"

नज्मियेबाईंनी गच्चीतून विचारलं आणि त्यांच्या जावयानं, तुरगुतनं, चहाचा पेला घाईघाईनं खाली ठेवला.

कंतारोनची पिवळी फुलं ऑलिव्हच्या तेलात बुडवून बरणी उन्हात ठेवली की आठ-दहा दिवसांत तेल माणकासारखं लाल होतं. गावात कुणाला भाजलं-कापलं की आधी ते तेल. नज्मियेबाईंच्या तेलाचं नाव तर थेट इझमीरपर्यंत. यंदा गुडघ्यानं दगा दिला म्हणून त्यांनी जावयाला डोंगरावर पाठवलं होतं. वर बजावलंही होतं, "पान उजेडाकडे धरा, सुईनं टोचल्यासारखी भोकं दिसतील. पाकळीच्या कडेला काळे ठिपके हवेत. कळी चुरडली की बोटं लाल व्हायला हवीत. याची चुलत भावंडं डोंगरभर पसरलीत, फसाल!"

"पिवळं फूल ते पिवळं फूल, आई!" म्हणत तुरगुत गेला आणि दिसली त्यातली सगळ्यांत टपोरी, देखणी फुलं टोपलीभर घेऊन आला. एकही कळी न चुरडता.

"बघतो हं," म्हणून तो आता अंगणात धावला. सामाईक भिंतीवर शेजारच्या सबाहतबाईंची बरणी उभी होती, लालभडक. या तेलावरून दोघींची जन्माची चुरस. तुरगुतनं इकडेतिकडे पाहिलं आणि बरण्यांची अदलाबदल केली.

नज्मियेबाईंनी बरणी उन्हात धरली, वास घेतला, जावयाकडे पाहिलं. "वा! असा रंग मला उभ्या जन्मात जमला नाही. काय नजर आहे हो तुमची!"

संध्याकाळपर्यंत या नजरेचं नाव गावभर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात टोपल्या घेतलेल्या बायकांचा घोळका हजर. "वरच्या उतारावर अजून फुलं आहेत म्हणे. चला, आम्हालाही शिकवा!" आणि सगळ्यांच्या पुढे सबाहतबाई. तुरगुतला कळेना. बरणी फिकी झाली तरी ही बाई चकार शब्द कशी बोलत नाही?

उतारावर जिकडेतिकडे पिवळंच पिवळं. "हे का?" "की ते?" बायकांनी भंडावून सोडलं. नाइलाजानं तुरगुत खाली बसला आणि सासूबाईंनी सांगितलेलं पहिल्यांदाच करून पाहू लागला. पान सूर्याकडे धरलं, तर शेकडो बारीक भोकांतून उजेड पाझरत होता. पाकळीच्या कडेला कुणी बारीक टाकानं ठिपके काढावेत तसे ठिपके. कळी चुरडली, तर बोटांवर जांभळट लाल रंग! शेजारीच चुलत भावंड डोलत होतं. तोच पिवळा रंग, त्याच पाच पाकळ्या. त्याचं पान मात्र मुकं, एकही भोक नाही, आणि कळीतून नुसतं हिरवं पाणी. तुरगुत थक्क झाला. एवढ्याशा रानफुलानं किती निगुतीनं आपली ओळख जपली होती! आणि सासूबाई ती चालता चालता वाचत होत्या.

उठून पाहतो तो सबाहतबाई लांब एकट्याच फुलं तोडत होत्या. टोपलीत सगळी चुलत भावंडं.

"मावशी, अहो, ही ती नव्हेत."

"हळू बोल मेल्या!"

"पण तुमचं ते लाल तेल..."

"बाजारातलं. दरवर्षी आणते. मला कुठली ओळखायला येतात ही फुलं! तू माझ्या टोपलीचं बोलू नकोस, मी बरणीचं बोलत नाही."

तुरगुतला हसू फुटलं. त्यानं एक खरी कळी शोधून त्यांच्या तळहातावर ठेवली. "चुरडा."

म्हातारीनं अंगठा फिरवला. रंग उमटला. मेंदी लावलेल्या नवरीसारखी ती हात वर-खाली करून बघत राहिली. मग भराभर कळ्या चुरडत सुटली आणि दोन्ही लाल पंजे नाचवत उतारावरून खाली धावली.

खाली, बायकांना घेऊन आलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गुडघा पसरून नज्मियेबाई चहा ओतत होत्या.

"नज्मिये! सापडलं गं, सापडलं!"

"सापडलं का एकदाचं?" नज्मियेबाईंनी सरकून तिला शेजारी जागा केली आणि चहाचा पेला पुढे केला. "बरं झालं. मग आता त्या बाजारवाल्याला सांगून टाक, पुढच्या वर्षी माझ्यासाठी लाल बरणी राखून ठेवू नकोस म्हणून. आमच्या जावईबापूंसाठी मात्र अजून एखादं वर्ष एक राहू दे."