यूदाससाठी माणूस मिळेना

सांडोरच्या फर्डिनंड मास्तरांनी चर्चच्या सणासाठी प्रभू येशूच्या शेवटच्या भोजनाचं मोठं चित्र काढायचं कबूल केलं, तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच विचार होता: शिष्यांचे चेहरे आपल्याच गावातले घ्यायचे. त्यांना डोळ्यांसमोर माणूस असल्याशिवाय चेहरा जमत नसे. म्हणून तर सोसायटीची मीटिंग असो की पाणीपुरवठ्याची, मास्तर मागच्या बाकावर बसून स्केचबुकात कोणाचं तरी नाक उतरवत असायचे.

गाव खूश झालं. केळीच्या वाडीतला सॅन्टन शिष्यांतला प्रमुख पेत्र झाला. त्या दिवसापासून तो चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेला, मिस्सेला, पहिल्या रांगेत बसू लागला. बघता बघता अकरा शिष्य तयार झाले.

बारावा राहिला. बारावा म्हणजे यूदास, ज्यानं प्रभूला शत्रूच्या हाती दिलं तो.

रविवारी सण, त्याच दिवशी फादर चित्रावरचा पडदा सारणार आणि सोमवारी मास्तरांना मुंबईच्या प्रदर्शनात आपली चित्रं टांगायची होती. त्यामुळे यूदास शनिवारपर्यंत व्हायलाच हवा होता. आणि नेमकं त्याच आठवड्यात सॅन्टन चित्र बघायला आला, रिकामी जागा बघून गेला आणि गावभर सांगून आला, की मास्तर आता यूदास शोधतायत.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या समितीची मीटिंग होती. मास्तरांनी सवयीनं पिशवीतून स्केचबुक काढलं. अध्यक्ष कॉन्रॅड बोलता बोलता थांबले. त्यांनी हातातला कागद चेहऱ्यासमोर धरला आणि कागदाआडून म्हणाले, "मंडपाचा विषय सर्वांना मान्य आहे ना? मग आजची सभा संपली."

त्या समितीची सभा चहाच्या आधी संपल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

मास्तर बेकरीत गेले, तर बेकरीवाला पाव देऊन आत पळाला. एस.टी.त चढले, तर समोरच्या बाकावरच्या सालोमीनं डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला. "मावशी, यूदास पुरुष होता," मास्तर समजुतीनं म्हणाले.

"तुझा काय भरवसा," पदराआडून उत्तर आलं. "दाढी लावशील."

घरी मात्र निराळाच प्रकार सुरू झाला. संध्याकाळी कोणी राजेळी केळ्यांचा घड ठेवून जाई, कोणी कोवळी वांगी, कोणी बदकाची अंडी. देणारा दारातूनच म्हणे, "मास्तर, आपले संबंध चांगले आहेत, एवढं लक्षात ठेवा." मास्तरांची बायको सेलिन टोपल्या रिकाम्या करता करता म्हणाली, "एवढी घाई काय आहे? महिनाभर लांबवा की यूदास."

"सेलिन, अगं रविवारी पडदा सरणार. मध्ये भोक ठेवू काय?"

शुक्रवारी कॉन्रॅड स्वतः आले. मास्तरांच्या हातात पेन्सिल नाही ना, हे खिडकीतून पाहून मगच ते पायरी चढले. "मार्ग सापडला," ते म्हणाले. "आपल्या गावातला नकोच. शेजारच्या गासचा कोणी तरी घ्या."

आतून सेलिनचा आवाज आला, "माझं माहेर आहे गास."

"मग भुईगाव?"

"तिथं माझी बहीण दिलीय."

कॉन्रॅड केळी ठेवून निघून गेले.

शनिवारी सकाळी मास्तरांनी दार लावून घेतलं. कोणाचंही तोंड काढलं, तरी तो माणूस आणि त्याचं सगळं घर जन्मभरासाठी तुटणार होतं. गावात राहायचं तर एकच तोंड बिनधोक होतं. त्यांनी कपाटाचा आरसा उतरवून भिंतीला टेकवला, समोर स्टूल घेतलं आणि संध्याकाळपर्यंत स्वतःला रंगवलं. गुळगुळीत दाढी केलेल्या गालांवर काळी दाढी चढवली, टकलावर केस आणले. उद्या कोणी विचारलंच, तर सरळ सांगायचं: मीच आहे.

रविवारी मिस्सा झाली, सभागृहात पडदा सरला. लोक पुढे सरकले. प्रत्येकानं आधी यूदास शोधला, तो आपण नाही याची खात्री केली आणि सुटकेचा श्वास सोडला. मग ते नीट पाहू लागले. मास्तर खांबाला टेकून घाम पुसत उभे होते.

सॅन्टन जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मानलं तुला. कॉन्रॅडला बरोबर पकडलास. आम्ही कोणाला बोलणार नाही."

मास्तर काही बोलणार, तोच कॉन्रॅडनी त्यांना बाजूला घेतलं. "माझा व्याही," ते समाधानानं म्हणाले. "ती नजर मी कुठंही ओळखीन. तुम्हाला कसं कळलं हो?"

सालोमीला त्यात विहिरीच्या वाटणीवरून भांडणारा तिचा दीर दिसला. तिनं मास्तरांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. फादर बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "मागे मी होतो त्या गावात असाच एक गृहस्थ होता." तेही प्रसन्न दिसले.

'मीच आहे' हे सांगायची वेळच आली नाही. एवढ्या लोकांचा आनंद हिरावून घेणं मास्तरांच्या जिवावर आलं. ते हलक्या अंगानं घरी आले, हातपाय धुतले आणि पाटावर बसले. उद्या मुंबई. गावात एकही शत्रू नाही.

सेलिननं भात वाढला, वर कालवण घातलं.

"चित्र चांगलं झालंय," ती म्हणाली. "पण स्वतःलाच कशाला बसवलंत तिथं?"

मास्तरांचा हात थांबला. "तुला कसं कळलं? दाढी होती, केस होते."

"दाढीचं काय घेऊन बसलात. सगळे प्रभूकडे बघतायत. समोर गरम जेवण वाढलंय, आणि हा एकटा ताट सोडून चित्राबाहेर उभ्या असलेल्या लोकांची तोंडं बघत बसलाय. लग्न झाल्यापासून रोज मी समोर बसून हेच बघतेय."

मास्तरांनी नजर ताटात वळवली आणि भात कालवायला घेतला.