एका रिंगचा होकार

पुण्यात सगळ्यात स्वस्त मोबाईल कोणी घेतला असेल, तर तो मी! २००४ साली सलग सात रविवार मी बुधवार पेठेत घालवले. शेवटी दुकानदार मला चहा न विचारता, "आज तरी घेणार का?" असं विचारायला लागला.

मी प्लॅन निवडला तो असा: इनकमिंग फुकट, आउटगोइंग सोन्याच्या भावात.

"मग बोलायचं कसं?" बाबांनी विचारलं.

"बोलायचंच नाही! समोरच्याने मिस कॉल द्यायचा!"

मी तक्ताच छापला. एक मिस कॉल म्हणजे हो. दोन म्हणजे नाही. तीन, गॅस संपला. चार, जेवायला माणसं येतायत. पाच, दवाखाना. शिवाय आउटगोइंगला कुलूप घातलं. त्या कुलपाचा नंबर कोणालाही कळू नये म्हणून मी स्वतःही विसरलो.

त्याच आठवड्यात मंगळवार पेठेत मैत्री नावाच्या मुलीला बघायला गेलो. मला ती इतकी आवडली, की पोहे खाताना मी मिरचीसुद्धा चावून खाल्ली. निघताना तिला तक्त्याची झेरॉक्स दिली. "रविवारी उत्तर कळवा. एक किंवा दोन."

रविवारी सकाळी फोन वाजला. वाजला, वाजला, वाजतच राहिला!

"उचल की, चेतन!" बाबा म्हणाले.

"उचलला तर त्यांचे पैसे जातील, बाबा! पहिल्याच दिवशी मुलीकडच्यांना खर्चात पाडायचं?"

अर्ध्या मिनिटाने फोन थांबला. आईचे डोळे भरून आले. "केवढा लांब होकार दिला पोरीने!"

आई पेढे वाटायला शेजारी सुशीलाबाईंकडे पोचली, तोच दुसरा मिस कॉल आला. नकार! मी खिडकीतून आईला ओरडून सांगितलं. आईने सुशीलाबाईंच्या हातातला अर्धा पेढा परत मागितला.

तिसरा आला.

"गॅस संपला?" बाबांनी तक्ता वाचला. "त्यांचा की आपला?"

चौथा आल्यावर आईने दहा माणसांचा भात टाकला.

आणि पाचवा!

मी स्कूटर काढली. मागे आई, तिच्या मांडीवर थर्मास, मोसंबी आणि उरलेले पेढे. मंगळवार पेठेपर्यंत मी एकाही सिग्नलकडे पाहिलं नाही. दार मैत्रीनेच उघडलं. ठणठणीत होती. फक्त तापली होती.

"अहो, फोन का उचलत नाही?"

"मिस कॉल होता ना?"

"मिस कॉल अर्धा मिनिट देतात का? मी फोन करत होते! माणसं फोनवर बोलतात, ऐकलंय का कधी?"

"मग... एक की दोन?" मी विचारलं.

"एकच," ती म्हणाली आणि हसली. "पण हो म्हणण्याआधी एक विचारायचं होतं. तेवढ्यासाठी सकाळपासून बोट दुखवलं."

"विचारा ना!"

"या स्थळात काही छुप्या अटी नाहीत ना?"

मी आनंदाने वेडा झालो होतो. अशा वेळी माणूस खरं बोलतो.

"एकच आहे. आई."

मागे थर्मासचं झाकण वाजलं.

"छुपी कशाला?" आई म्हणाली. "मी इथेच उभी आहे. आणि मुदत आजीवन!"