संपाआधीचं पारायण

“व्रत घेताना धा येळा इचार कर. घेतलंस तर मधी उठू नगंस. खंड पडला की पयल्यापास्नं.” आमच्या सासूबाई सांगायच्या. आमच्या भागातल्या सगळ्याच सासवा हे सांगतात. त्याचा कामगार चळवळीला केवढा उपयोग होईल, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. सांगलीत लालासाहेबांच्या वखारीत आम्ही बायका हळद निवडायचो. नळ होता, पण दिवाणजींच्या खोलीमागं, आणि पाण्याला उठायचं ते जेवणाच्या सुट्टीत. चांदबी सुट्टीआधी उठली. घशात धूळ बसली होती, एवढंच तिचं म्हणणं. तिला त्याच दिवशी कामावरून काढलं. ती माझ्याच शेजारी बसायची. फाटकापर्यंत पोचवताना मी तिला म्हटलं, “तुझ्यासाठी उठायची येळ आली की पयली मी उठंन.”

संघटनेचे चिटणीस नानासो यांनी संपाचा ठराव मांडला. चांदबीला परत घ्या आणि प्यायला पाणी द्या, एवढ्याच मागण्या. पण नानासो शिकलेले. अज्ञानातून केलेला संप टिकत नाही, तेव्हा आधी अभ्यासवर्ग, मग संप, असं त्यांनी समजावलं. पुण्याहून पुस्तक आणलं. पहिला अध्याय भांडवलाचा, शेवटचा लढ्याचा. तो संपला की तिथूनच उठून संपावर जायचं.

काम सुटल्यावर वखारीच्याच अंगणात वर्ग भरला. आम्हाला ऐकायची एकच रीत ठाऊक. बायका हातपाय धुऊन आल्या, पुस्तकाखाली पाट मांडला, त्यावर हळदकुंकू वाहिलं. नानासोंनी अंधश्रद्धेवर चार शब्द बोलून पाहिले, पण इतके शांत श्रोते त्यांना जन्मात मिळाले नव्हते. मग बनुबाईनं विचारलं, “आवं, मधी खंड पडला तर?” नानासोंनी एकजुटीचा विचार केला आणि सगळ्यांनी सगळं ऐकलंच पाहिजे, एक जरी उठली तरी पुन्हा पहिल्यापासून, असा नियम घातला. तो एकमतानं मंजूर झाला.

चांदबीला मात्र वर्गात बसता येईना. सभासद कामावर असावा लागतो, असं संघटनेच्या घटनेत होतं. संप तिच्यासाठी असला तरी नियम तो नियम. ती फाटकाबाहेर लिंबाखाली बसून वर्ग सरायची वाट बघायची.

वरकड मूल्याच्या अध्यायापर्यंत पोचलो आणि राहीबाईला लेकीच्या बाळंतपणाला मेढ्याला जावं लागलं. पुन्हा भांडवल. मग खुद्द नानासो फलटणला ‘लढ्याची निकड’ या विषयावर भाषणाला गेले. पुन्हा भांडवल. मग अंबूबाईला डुलकी लागली. डुलकी हा खंड धरावा काय, यासाठी उपसमिती नेमली. डुलकी चालेल, घोरणं चालणार नाही, असा निकाल आला. उपसमितीच्या बैठकीपायी तेवढा एक वर्ग बुडाला. पुन्हा भांडवल.

लालासाहेब संपाच्या बातमीनं आधी हबकले होते. खंडाचा नियम कळला तेव्हा त्यांनी सतरंजी पाठवली. मग चहा. मग श्रोत्यांना उठायला नको म्हणून वाळा घातलेल्या पाण्याचा माठ. पाणी फक्त श्रोत्यांना आणि बसल्या जागी. नानासोंनी अहवालात ‘पाण्याची मागणी अंशतः मान्य’ असं लिहिलं. पुढं तर मालक स्वतःच येऊन मागं बसू लागले. शोषणाच्या अध्यायाला ते उपरण्यानं डोळे पुसायचे. घाई करू नका, पाया पक्का होऊ द्या, असं नानासोंना परतपरत विनवायचे.

दुसरा उन्हाळा आला. बनुबाई आता भांडवलाची व्याख्या जात्यावर ओवीच्या चालीत म्हणायची.

आणि एका संध्याकाळी, कसं कोण जाणे, शेवटचा अध्याय लागला. नानासो ओळीवर बोट ठेवून वाचत होते. तेवढ्यात फाटकात चांदबी येऊन उभी राहिली. काखेत बोचकं.

“चालले गं शिरवळला, भावाकडं,” ती मला म्हणाली. “हितं आता कोन काम देईना. तेवढं पानी दे. घसा वाळलाय.”

माठ माझ्या हाताशी होता.

नानासोंनी ओळीवरचं बोट न उचलता म्हटलं, “ताई, दोनच पानं राहिलीत. तिच्यासाठीच चाललंय ना हे सगळं? आता उठलात तर साऱ्यांचं वर्ष पाण्यात.”

मागून लालासाहेबांनी हात जोडले. “बसा माउली. पुण्याचं काम हाय.”

पोथी चालू असताना उठणाऱ्या बाईकडं बघावं, तशा बायका माझ्याकडं बघत होत्या. बनुबाई पुटपुटली, “सासूनं काय शिकीवलं का न्हाई हिला?”

शिकवलं होतं. खंड पाडू नये. पण चांदबीला दिलेला शब्द या वर्गाच्या आधीचा, आणि मोडायची पाळी आली तर माणसानं मागाहून घेतलेलं व्रत मोडावं. मी माठात तांब्या बुडवला, पदर सावरला आणि उठले. मागं नानासो पहिलं पान काढत होते.

तुम्ही मात्र बसा. इतकं मन लावून ऐकत आलात, आता शेवटालाच उठलात तर सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागेल. मी तांब्या घेऊन फाटकाकडं निघाले आहे.