म्हैसरोधक फाटक

सार्वजनिक बाग सर्वांची असते, म्हणूनच तिला फाटक लागतं. आमच्या वसाहतीच्या उद्यान समितीने हे तत्त्व पहिल्याच बैठकीत मान्य केलं. सचिव मी. पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालो असल्याने, पाणी जिथून जावं तिथूनच जाणार नाही अशा बांधकामाचा एकतीस वर्षांचा अनुभव माझ्या पाठीशी आहे.

शेजारच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकांसमोर धार काढायला आणलेल्या म्हशी बागेत शिरून कर्दळ खायच्या. त्यावर मी लोखंडी फिरतं फाटक बसवून घेतलं. वाट दीड फूट. म्हशी थांबल्या. माझा सत्कार झाला.

मग वरून पत्र आलं की बाग दिव्यांगांसाठी सुगम करावी. मी आधी शास्त्रशुद्ध पाहणी केली. आठ दिवस बागेत बाकावर बसून मोजलं. व्हीलचेअरवरचे नागरिक शून्य, कुबड्या घेतलेले शून्य. (एका पैलवानाचा पाय मुरगळला होता, पण तो नोंदीला तयार झाला नाही.) वसाहतीत असे नागरिकच नाहीत, हे सिद्ध झालं. तरी पत्राचा मान म्हणून झोपाळ्यापर्यंत सिमेंटचा रॅम्प केला. अंधांसाठी ब्रेल फलकही लावला. हात लागून खराब होऊ नये म्हणून साडेसात फुटांवर.

उद्घाटनाला एक दिव्यांग व्यक्ती हवी होती. माळी कृष्णात म्हणाला, चौथ्या गल्लीतल्या शिवलीलाबाई हायत की. गणिताच्या शिकवण्या घेणाऱ्या या बाई दोन वर्षांपूर्वीच्या अपघातापासून व्हीलचेअरवर आहेत. त्यांची सहा वर्षांची स्वप्नाली रोज झोपाळ्यावर असते, आणि बाई रस्त्यावरून कुंपणाच्या गजांतून तिला बघत असतात. मी रोज येताजाता त्यांना नमस्कार करायचो. त्यांना रस्त्यावरची हवा मानवते, असा माझा समज होता. त्या बागेत नसल्यामुळे पाहणीत आल्या नव्हत्या.

उद्घाटनाच्या संध्याकाळी समिती फाटकाच्या आत, फीत आत, पेढे आत आणि प्रमुख पाहुण्या बाहेर. मी टेप लावली. खुर्ची दोन फूट, वाट दीड. वेळ वाया जाऊ नये म्हणून ‘सर्वांसाठी खुली बाग’ हे माझं भाषण मी रस्त्याकडे तोंड करून वाचायला घेतलं. पहिलं पान संपल्यावर सुचवलं की चौघांनी बाईंना खुर्चीसकट उचलून आत घ्यावं.

बाई शांतपणे म्हणाल्या, “मला उचलू नका, सर. फाटक उचला.”

फाटक काढायला ठराव लागतो आणि बैठक पुढच्या महिन्यात आहे, हे मी त्यांना समजावून सांगितलं.

कृष्णात म्हणाला, “म्हस बी थांबली, बाई बी थांबल्या. डिझाइन झ्याक हाय, साहेब.” आणि पहार आणायला गेला.

पन्नास वर्षं हलणार नाही असं मी लेखी दिलेलं फाटक पाऊण तासात निघालं. (पाया माझ्या देखरेखीखाली भरला होता.) बाई एकट्याच रॅम्प चढल्या, झोपाळ्यामागे गेल्या आणि त्यांनी एक झोका दिला. स्वप्नालीने मागे वळूनही पाहिलं नाही. “आई, जोरात,” एवढंच म्हणाली. भाषणाचं दुसरं पान माझ्या हातात होतं. ते मी घडी घालून खिशात ठेवलं.

म्हशींना आता कृष्णात नुसता हात दाखवतो, त्यांना कळतं.

चार दिवसांनी बाई पुन्हा आल्या आणि रॅम्पपासून परत कुंपणाबाहेर गेल्या. गुळगुळीत सिमेंट, वर गुलमोहराची सावली. रॅम्पवर अकरा दुचाक्या उभ्या होत्या. त्यातली एक माझी. रॅम्पचा उतार तपासायला दोनच मिनिटं आलो होतो. मी ती लगेच काढली आणि उरलेल्या दहांच्या मालकांना शोधत बागभर फिरलो. प्रत्येकाने सांगितलं, दोनच मिनिटं लावलीय. आता हे वाचणाऱ्यांकडेही चौकशी चालू आहे. तुमची गाडी या क्षणी कुठे उभी आहे? सावकाश आठवा. बाई थांबल्यात.