कुंकू प्यालेलं इंजिन

माझ्या हातून चूक होत नाही. हे मी गर्वानं म्हणत नाही, नोंदींवरून म्हणते. एकतीस वर्षं मी धातू कधी तुटतो हे मोजायची नोकरी केली. हा तुकडा दोन लाख फेऱ्यांनंतर तुटेल असं मी एकदा म्हणाले, की तो बिचारा एक लाख नव्व्याण्णव हजारांवरच आवराआवर करायला लागायचा! त्यामुळे निवृत्तीनंतर मी घरी वाफेचं इंजिन बांधायला घेतलं, तेव्हा ते चालेल की नाही हा प्रश्न मला पडलाच नाही. प्रश्न फक्त कधी चालेल एवढाच होता. तेही मी वहीत लिहून ठेवलं: खंडेनवमी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं.

इंजिन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतंय, तसलं नव्हे. हे टेबलावर मावतं. तांब्याचा उभा बॉयलर, त्याखाली गॅसची छोटी शेगडी, शेजारी पितळेचा सिलिंडर आणि जेवणाच्या ताटाएवढं बिडाचं चाक. पाणी तापतं, वाफ पिस्टनला ढकलते, चाक फिरतं. फिरून काय करतं? काही नाही. फिरतं. एवढं माझ्या सांगलीच्या भावाला फोनवर समजावून द्यायला मला तीन दिवाळ्या लागल्या, कारण तो फोन दिवाळीलाच करतो.

हे सगळं मल्लेश्वरममधल्या माझ्या भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये चालतं. मी खाली राहते, मालक वर. मालकांकडे गाडी नव्हती, म्हणून गॅरेज रिकामं होतं, आणि मी मागितल्यावर त्यांनी ते सहज दिलं. तेव्हापासून माझा दिवस तिथेच जातो. एकदा कुतूहल म्हणून मी मोजलं, सोमवार ते शुक्रवार मी मोठ्यानं बोललेली वाक्यं नऊ भरली. त्यातली पाच लेथशी, म्हणजे धातू कातायच्या यंत्राशी होती.

मालक श्रीधरराव आणि सरस्वतीबाई यांची ही बंगळुरूतली चौथी पिढी. त्यांच्या मराठीत कन्नड शब्द असे बसतात, जसे काही ते तिथलेच भाडेकरू आहेत. श्रीधरराव कोर्टात शिरस्तेदार होते. आमटीत मीठ जास्त पडलं, तरी ते दोन्ही बाजू ऐकून घेतात. सरस्वतीबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणते, मीही म्हणते. त्यांचा मुलगा विनोदकुमार रोज इलेक्ट्रॉनिक सिटीला नोकरीला जातो. जाण्यायेण्यात चार तास घालवून कंटाळल्यामुळे त्यानं गाडी बुक केली. चार तासांचे पाच होतील हे मी त्याला सांगितलं नाही, कारण मला कोणी विचारलं नव्हतं.

गाडी पांढरी होती, आयुधपूजेच्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीलाच, दुपारी बारा वाजता दारात येणार होती आणि तिला गॅरेज हवं होतं.

विनोदकुमार हे सांगायला खाली आला तेव्हा फार नम्रपणे बोलला. घाई नाही आँटी, दसऱ्यापर्यंत बघा, म्हणाला. लेथ अडीचशे किलोची आहे, ती घरात नेली तर फरशी फुटेल, आणि शेगडी घरात पेटवता येणार नाही. म्हणजे गॅरेज गेलं की इंजिन गेलं. आणि इंजिन गेलं की सकाळी उठून मी नेमकं काय करायचं, याचा माझ्या वहीत काहीही उल्लेख नव्हता.

मी वर गेले. तीन वर्षांत पाचव्यांदा. श्रीधररावांनी दोन्ही बाजू ऐकल्या. विनोदकुमारची बाजू अशी, की रस्त्यावर झाडाखाली गाडी लावली तर कावळे तिचं काय करतील ते सगळ्यांना माहीत आहे. माझी बाजू मी चार वाक्यांत मांडली. त्या आठवड्याचा कोटा तिथेच संपला.

श्रीधरराव म्हणाले, "चालत्या वस्तूला घराबाहेर काढायचं नाही आणि बंद पडलेलीला ठेवायचं नाही. पूजेच्या दिवशी गाडी यायच्या आत तुमचं इंजिन चालवून दाखवा. चाललं तर गॅरेज तुमचं."

"आणि कावळे?" विनोदकुमारनं विचारलं.

"ते या प्रकरणात पक्षकार नाहीत," श्रीधरराव म्हणाले.

मी निश्चिंत मनानं खाली आले. बिघाड कुठे कुठे होऊ शकतो याची यादी केली, ती एक्केचाळीस कलमांची झाली. एकेक करून सगळी कलमं निकालात काढली. बॉयलर दुप्पट दाबाखाली तपासला. सेफ्टी व्हॉल्व्ह इतक्या वेळा उघडून पाहिला, की तो मला बघूनच उघडायला लागला. वापरलेली वाफ गॅरेजमध्ये कोंडू नये म्हणून तिची नळी दाराबाहेर, कमरेच्या उंचीवर काढली. एक्केचाळीस कलमांत अक्का नव्हत्या.

खंडेनवमीला सकाळी नऊ वाजता मी आंघोळीला गेले. परत येऊन बघते तो गॅरेजचं दार उघडं! आत अक्का पाटावर बसलेल्या, समोर पूजेचं ताट आणि माझं इंजिन नव्या नवरीसारखं लाजून उभं. बॉयलर चिंचेनं घासून लख्ख केलेला. मी महिनाभर खपून त्यावर पेन्सिलीनं केलेल्या सात खुणा चिंचेबरोबर वाहून गेलेल्या. चाकात झेंडूची माळ ओवलेली, चाकाखाली लिंबू, लेथला गंधाची तीन बोटं, आणि प्रेशर गेजच्या काचेवर बरोबर मधोमध कुंकू.

मला राग यायला हवा होता. पण त्या वस्तूला तीन वर्षांत माझ्याशिवाय कोणाचा हात लागला नव्हता. मी नुसती बघत राहिले.

मग भानावर येऊन काच पुसली, माळ काढून लेथला घातली आणि आणखी कुठे कुठे कुंकू लावलंय ते विचारलं.

"जिथं लावायचं तिथं लावलंय," अक्का म्हणाल्या. "आता उद्यापर्यंत हात लावू नकोस. आज आयुधांची विश्रांती."

मी त्यांना तारीख सांगितली, वेळ सांगितली, श्रीधररावांची अट सांगितली. अक्का हलल्या नाहीत. कात्रीसुद्धा आज चालवत नाहीत, मग एवढं मोठं इंजिन कसं चालवणार, हा त्यांचा मुद्दा. बारा वाजता येणारी गाडी चालतच येणार ना, हा माझा मुद्दा. तिची पूजा आल्यावर होणार, आधी नाही, हा त्यांचा. तर्काच्या दृष्टीनं त्यांची बाजू भक्कम होती आणि घड्याळात साडेदहा वाजले होते.

श्रीधररावांना खाली बोलावलं. कोरं पांढरं पंचे (इथे धोतराला पंचे म्हणतात) नेसून ते आले, त्यांनी ताट नीट पाहिलं आणि अक्कांना विचारलं, "आरती झाली?"

"कशी होईल? तुम्हीच सगळे वर."

"मग पूजा अपुरी आहे. अपुऱ्या पूजेत विश्रांती सुरू होत नाही. कुंकू आणि आरती यांच्यामध्ये चालवायला हरकत नाही."

"सरी, ठीक आहे," अक्का म्हणाल्या. "पण स्वल्पच चालव हं."

मी शेगडी पेटवली आणि यादी घेऊन शेवटची तपासणी सुरू केली. इथे एक गोष्ट सांगायला हवी. पिस्टनला तेल मिळावं म्हणून वाफेच्या नळीवर एक पितळेची कुपी बसवलेली असते, मोठ्या सुपारीएवढी, झाकण असलेली. त्यातलं तेल थोडं थोडं करत वाफेबरोबर सिलिंडरमध्ये जातं. कुपी भरलेली असेल तर झाकण बंद आणि रिकामी असेल तर झाकण उघडं, हा माझ्या गॅरेजचा नियम. तो मोडायला तिथे दुसरं कोणी नसल्यामुळे तीन वर्षांत एकदाही मोडला नव्हता. कलम सव्वीस: कुपीचं झाकण. बंद. म्हणजे तेल भरलेलं. मी बरोबरची खूण केली आणि सत्ताविसाकडे वळले.

सव्वा अकरापर्यंत गेटपाशी माणसं जमली. शेजारची दिव्यश्री, इस्त्रीवाले, समोरचं आख्खं कुटुंब. आली होती सगळी गाडी बघायला. पण गाडी अजून आली नव्हती, म्हणून ही माणसं मला मिळाली. मी मोजली. सोळा.

अकरा वीसला मी व्हॉल्व्ह उघडला आणि चाकाला बोट लावलं. चाक जरासं कुरकुरलं, अर्धं वळलं, थबकलं, आणि मग फिरायला लागलं. एकदा, दोनदा, दहादा, मग मोजता येईना. टप टप टप टप, असा मऊ, समजूतदार आवाज. मी गेजवरची नजर काढली नाही, पण मागून लोक "अरे वा" म्हणाल्याचं मला ऐकू आलं. मग "अय्यो" ऐकू आलं. मग कोणीतरी "अबाबा!" म्हणालं. इतकं कौतुक मला अपेक्षित नव्हतं. मी वळून किंचित मान झुकवली.

माझ्याकडे कोणीही बघत नव्हतं. सगळे दाराबाहेर बघत होते.

बाहेर नळीतून वाफ निघत होती आणि ती लाल होती. आधी गुलाबी होती म्हणे, पण तो टप्पा माझा हुकला. दर फेरीला एक फुंकर, दर फुंकरीला लाल चिखलाचा एक शिंतोडा, आणि फेऱ्या मिनिटाला दोनशे चाळीस. श्रीधररावांचं पंचे गुडघ्यापर्यंत रंगलं होतं. आणि नेमकी त्याच वेळी गेटमधून गाडी आत शिरली. बाराची गाडी, अकरा चोवीसला! सुट्टीमुळे रस्ते मोकळे होते. बंगळुरूत कोणी छत्तीस मिनिटं आधी पोचू शकतं, हे मी हिशेबात धरलं नव्हतं. हिशेब करणाऱ्या कोणीच धरलं नसतं.

पांढरी गाडी नळीसमोर येऊन थांबली. ती आणायला गेलेल्या विनोदकुमारला वाटलं, स्वागताची काहीतरी खास व्यवस्था केलेली आहे. त्यानं हसत काच खाली केली.

मी व्हॉल्व्ह ताबडतोब बंद करायला हवा होता. शास्त्र तेच सांगतं, माणुसकीही तेच सांगते. पण इंजिन चालत होतं आणि सोळा माणसं बघत होती. मी वीस सेकंद काहीही केलं नाही. ती वीस सेकंदं मी वहीत लिहिलेली नाहीत.

शेवटी इंजिननंच निर्णय घेतला. आतून खरवडल्यासारखा आवाज आला, चाक एक गचका खाऊन थांबलं. शांततेत मी कुपीचं झाकण काढलं. आत दाबून, बोटानं सारखं करून भरलेल्या कुंकवाचा उरलेला लगदा होता.

"एवढा सुंदर करंडा," अक्का हळूच म्हणाल्या, "रिकामा कसा ठेवायचा?"

विनोदकुमार उतरला. गाडीभोवती एक फेरी मारली. त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर आणि चष्म्याच्या एका काचेवर कुंकू होतं, उरलेल्या अर्ध्यानं तो सभ्य राहायचा प्रयत्न करत होता. गेटपाशी समोरच्या आजोबांनी हात जोडलेले होते. इतकी सविस्तर पूजा त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"आँटी, हे निघेल ना?"

गाडीवरचं निघेल, असं मी म्हणाले. सिलिंडरचं मात्र सांगता येत नव्हतं. आत पॉलिश पेपर फिरवावा तसं कुंकवानं सगळं ओरबाडून ठेवलं असणार, हे मला न उघडता कळत होतं.

तिथेच, ओलं पंचे सावरत, श्रीधररावांनी सुनावणी घेतली. इंजिन बंद आहे, मग अट संपली, असं विनोदकुमारचं म्हणणं. इंजिन चाललं, सोळा साक्षीदार आहेत, असं माझं. बंद पडलं ते आपल्या हातानं पडलं, असं अक्कांचं.

"चाललं हे खरं. बंद पडलं हेही खरं," श्रीधरराव म्हणाले. "आणि बंद पाडणारा पक्ष आमच्याच घरचा. दुरुस्त होईपर्यंत जैसे थे. मग फेरसुनावणी."

गाडी झाडाखाली गेली. मग सगळ्यांनी मिळून आरती केली, आधी इंजिनची, मग गाडीची. जेवायला मला वर बोलावलं. सहाव्यांदा.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता अक्का फिल्टर कॉफीचे दोन पेले घेऊन गॅरेजमध्ये आल्या. आजाऱ्याजवळ बसावं तशा स्टुलावर बसल्या आणि खालच्या आवाजात विचारलं, "कसं आहे आता?" मी सिलिंडर उघडून चरे दाखवले. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग अर्धा तास त्यांच्या धाकट्या बहिणीच्या गुडघ्याबद्दल बोलल्या. तिसऱ्या दिवशी परत आल्या. चौथ्या दिवशी श्रीधररावही आले आणि हत्यारांच्या पेटीवर बसून एका विहिरीचा खटला सांगायला लागले. तो अजून संपलेला नाही.

आता जे सांगते ते वरच्या मजल्यावर जाऊ देऊ नका. दुरुस्ती नऊ दिवसांत संपली. दहाव्या दिवशी अक्कांनी विचारलं, "कसं आहे आता?" आणि एकतीस वर्षं एकही नोंद खोटी न लिहिलेली मी म्हणाले, "अजून वेळ लागेल, अक्का."

दर गुरुवारी दोघं मठात जातात आणि विनोदकुमार ऑफिसला. तेव्हा मी दार लावून घेते आणि इंजिन चालवते. गेल्या गुरुवारी ते सलग चाळीस मिनिटं चाललं. उत्तम चाललं. बघायला कोणी नव्हतं. मग मी ते थंड होऊ दिलं, सिलिंडरचं झाकण पुन्हा उघडलं आणि आठही स्क्रू वर्तमानपत्रावर पसरून ठेवले.

आठ नव्हे, सात. एक मी लेथच्या मागे टाकून दिलाय. उद्या अक्का आल्या की तो शोधण्यात निदान तासभर जाईल.